दिवा लागतो, पण नाव येत नाही: भोर-वेल्ह्यातून यूएसबीचा इतिहास

हा भाग तुम्ही फोनवर ऐकताय, म्हणजे फोन हातात किंवा खिशात आहेच. त्याच्या खालच्या बाजूला चार्जिंगची एक खाच आहे ना, आज तिचाच इतिहास सांगायचाय. विषय कोरडा वाटेल, पण यात शिवकाळातले सचिव आहेत, बिल गेट्सची भर सभेतली फजिती आहे, एक बहुरूपी आहे, आणि माझ्या आत्याचा सातबाराही आहे.

सुरुवात करूया भोरपासून. एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर एक छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेच्या पावत्या, दशक्रियेची कार्डं, सगळं तिथं होतं. दुकानात दोन कॉम्प्युटर. एक नवा, चकचकीत. दुसरा जुना, डबा पिवळा पडलेला, आणि मॉनिटरवर चिकटपट्टीनं लावलेली चिठ्ठी: ‘हात लावू नये. नेट जोडू नये. अपडेट करू नये.’

मी काकांना विचारलं, “हा बंद पडलाय का?”

काका म्हणाले, “पोरी, हा चांगला चालतो. याचं लॉक नव्याला जोडलं की नवा त्याला ओळखत नाही, एवढंच.”

लॉक म्हणजे काय, ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल. युनिकोड सर्रास वापरात यायच्या आधी मराठी टायपिंगची पॅकेजं विकत घ्यावी लागायची. कोणी कॉपी मारू नये म्हणून काहींच्या सोबत बोटभर लांबीचा एक तुकडा मिळायचा. आधी तो प्रिंटरच्या जाड पोर्टला लागायचा, नंतर यूएसबीला. तो जोडलेला असेल तरच मराठी अक्षरं उमटणार. काकांचं लॉक त्या यूएसबीच्या काळातलं. त्याचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीपुरता. नव्या मशीनवर लॉक लावलं की त्याचा छोटा दिवा लागतो, पण कॉम्प्युटर म्हणतो, हे कोण आहे मला माहीत नाही.

आणि काकांच्या अनेक वर्षांच्या फाइली त्याच पॅकेजच्या फाँटमध्ये आहेत. दुसरीकडे उघडल्या की नुसती चिन्हं दिसतात. म्हणजे भोर भागातल्या कितीतरी घरांच्या पत्रिका, जत्रेचे हिशोब, गावोगावच्या देणगीदारांच्या याद्या त्या बोटभर तुकड्यावर टांगलेल्या आहेत. वस्तू धडधाकट आहे, पण तिची ओळख पटत नाही. आजचा सगळा इतिहास या एका वाक्यात आहे.

आता जरा मागे जाऊ. ओळख पटवायचं काम भोरला नवं नाही. भोर हे संस्थान होतं, पंतसचिवांचं. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातले शंकराजी नारायण सचिव हे त्या घराण्याचे मूळ पुरुष. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं, पण भोरचा राजवाडा अजून उभा आहे. तर सचिव हे पद अष्टप्रधानांतलं. राज्याभिषेकाच्या वेळी ते अण्णाजी दत्तोंकडे होतं. या पदाचं एक मुख्य काम म्हणजे राजपत्रं तपासणं. मजकुरात कमीजास्त असेल तर ते दुरुस्त करायचं, नोंद ठेवायची, आपलं चिन्ह करायचं. पत्रावर शिक्का असायचा आणि मजकूर संपला तिथं मोर्तब. त्यापुढं कोणी एक अक्षरही घुसडू नये, म्हणून. आपण आज ‘शिक्कामोर्तब झालं’ म्हणतो ना, ते इथून आलं.

मुद्दा असा, की पत्र खरं असणं वेगळं आणि ते खरं मानलं जाणं वेगळं. किल्लेदाराच्या हातात पत्र पडलं की तो आधी शिक्का बघणार. शिक्का ओळखीचा नसेल, तर आतला हुकूम खरा असूनही काम होणार नाही. रायगडाच्या आधी राजधानी असलेला राजगड आणि शेजारचा तोरणा वेल्हे तालुक्यात आहेत. आता त्या तालुक्याचं नावच राजगड झालंय, पण जुन्या सवयीनं मी वेल्हे म्हणणार. तर याच डोंगरांत अशी शिक्क्याची पत्रं वरखाली जात होती. आज तिथं काय वरखाली जातं, ते पुढे सांगते.

आता यूएसबी. १९९० च्या आसपासचा कॉम्प्युटर मागून बघितला असता, तर डोकं गरगरलं असतं. कीबोर्डचं भोक वेगळं, माऊसचं वेगळं, प्रिंटरचं लांबलचक, मोडेमचं आणखी वेगळं. नवं काही जोडायचं तर मशीन बंद करा, कधी डबा उघडा, कार्ड बसवा. इंटेलमध्ये काम करणाऱ्या अजय भट्ट यांना हे खटकलं. भट्ट मूळचे बडोद्याचे, शिकलेही तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. म्हणजे मराठी माणसाला बडोदा परकं नाही! त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळ्यासाठी एकच खाच करायचं ठरवलं. १९९४ मध्ये सात कंपन्या एकत्र आल्या, आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी १.० चा आराखडा जाहीर झाला. एका कंट्रोलरला १२७ उपकरणं जोडता येतील, आणि मशीन चालू असतानाच जोडता-काढता येतील, असं वचन होतं.

वचन देणं सोपं. २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स स्टेजवर विंडोज ९८ दाखवत होते. सहकाऱ्यानं यूएसबी स्कॅनर जोडला, आणि हजारो लोकांसमोर पडदा निळा पडला. मशीन बंद! गेट्सनी हसत वेळ मारून नेली, की म्हणूनच आम्ही अजून हे विकायला काढलेलं नाही. त्यांच्यासारख्या माणसाची भर सभेत ही गत झाली, तर भोरच्या काकांचं काय घेऊन बसलात?

असं का होतं? यूएसबी जोडलं की आत काय घडतं ते बघा. तुम्ही वेल्ह्याकडच्या एखाद्या वाडीत नवीन गेलात, की पारावरचे आजोबा काय विचारतात? “कुणाचा रे तू?” कॉम्प्युटर अगदी हेच विचारतो. उपकरण दोन आकडे सांगतं. एक कंपनीचा, म्हणजे आडनाव. दुसरा वस्तूचा, म्हणजे नाव. शिवाय तुझं काम काय, हेही सांगतं: मी कीबोर्ड आहे, मी साठवणीची वस्तू आहे, मी प्रिंटर आहे. मग ऑपरेटिंग सिस्टीम आपली यादी चाळते, की या आडनाव-नावाचा किंवा निदान या कामाचा ड्रायव्हर माझ्याकडे आहे का.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. उपकरणाची बोली सिस्टीमला आणि सिस्टीमची उपकरणाला समजावून सांगणारा. कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह यांची बोली ठरलेली, सगळ्या कंपन्यांची एकसारखी. म्हणून त्यांच्यासाठी एकच दुभाषी पुरतो आणि तो सिस्टीमसोबतच येतो. पण जुने स्कॅनर, अंगठ्याची मशीन, काकांचं लॉक यांची बोली ज्याची त्याची. तिथं कंपनीनं दुभाषी दिला तर बोलणं, नाहीतर मुकं. खाच सारखी असली म्हणून भाषा सारखी नसते, हे यूएसबीच्या नावातला ‘युनिव्हर्सल’ शब्द आपल्याला विसरायला लावतो.

पेनड्राइव्हलाही ही सोय सुरुवातीपासून नव्हती. विंडोज ९८ मध्ये त्यांच्यासाठी सर्वसाधारण ड्रायव्हरच नव्हता. म्हणून सुरुवातीच्या पेनड्राइव्हसोबत सीडी मिळायची. नव्या मशीनवर फाइल न्यायची तर आधी सीडी न्या. आज हसू येतं, पण लोक तसं करायचे.

यातूनच आमच्या बहुरूप्याचा जन्म झाला. २००८ ते २०१२ चा काळ आठवा, किंवा घरच्या मोठ्यांना विचारा. नसरापूर सोडून मार्गासनीवरून वेल्ह्याकडे निघालं की पुढच्या वाड्यांत घरोघरी ब्रॉडबँडची तार कुठली यायला? तिथं इंटरनेट म्हणजे डोंगल. पेनड्राइव्हसारखं दिसणारं, आत सिमकार्ड असलेलं. रेंजसाठी ते लांब वायरला लावून खिडकीत किंवा कौलाच्या वाशाला बांधायचे. माझ्या मामांनी पत्र्यावर बांधलं होतं, पावसाळ्यात वर प्लास्टिकची पिशवी.

या डोंगलची युक्ती अशी, की जोडल्याबरोबर ते सांगायचं, “मी सीडी आहे.” त्या खोट्या सीडीतून स्वतःचाच ड्रायव्हर विंडोजमध्ये टाकायचं. मग सोंग उतरवून म्हणायचं, “आता मी मोडेम आहे.” वेगळी सीडी सांभाळायचा ताप गेला, म्हणजे कल्पना हुशारच. पण हे सगळं विंडोज गृहीत धरून. लिनक्सवर जोडलं की ते सीडीच्या सोंगातच अडकून बसायचं, कारण सोंग उतरव असं सांगणारं तिथं कोणी नव्हतं. मग एका प्रोग्रॅमरनं ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचं छोटं साधन लिहिलं आणि फुकट दिलं. डोंगलला योग्य तो इशारा द्यायचा, की सोंग उतरलं! कंपनीनं न दिलेला दुभाषी लोकांनी स्वतः घडवला.

आता काकांच्या लॉककडे परत येऊ, कारण यातला सगळ्यात मोठा तुटवडा तिथंच आहे. ड्रायव्हर बहुतेक वेळा सिस्टीमच्या गाभाऱ्यात काम करतो. इंग्रजीत त्याला कर्नल म्हणतात. बाकीचे प्रोग्रॅम सभामंडपात. मंडपात कोणी पडलं तर तेवढाच गोंधळ, पण गाभाऱ्यात चूक झाली तर अख्खं देऊळ बंद. तोच निळा पडदा. शिवाय चोर ड्रायव्हरच्या वेषात आत शिरला, तर त्याला अडवणारं कोणी नाही. म्हणून मायक्रोसॉफ्टनं ६४ बिटच्या व्हिस्टापासून नियम केला, की गाभाऱ्यात येणाऱ्या ड्रायव्हरवर डिजिटल सही हवी. २०१६ मध्ये विंडोज १० साठी तो आणखी कडक झाला आणि नव्या ड्रायव्हरवर थेट मायक्रोसॉफ्टची सही लागू लागली. त्यातून ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजमध्ये चालतच नाही.

म्हणजे बघा, पुन्हा शिक्कामोर्तब! नियम चुकीचा नाही. तुमच्या-माझ्या बँकेच्या पासवर्डची राखण त्यामुळेच होते. पण जुन्या वस्तूच्या कंपनीनं नवा ड्रायव्हर लिहून त्यावर सही घेतली नाही, तर वस्तू त्या दिवसापासून अनोळखी. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार संपला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा संपला. कंपनीसाठी या कॅलेंडरमधल्या तारखा. काकांसाठी प्रत्येक तारीख म्हणजे कोणतं मशीन नेटपासून तोडायचं, हा प्रश्न.

आता आत्याचा सातबारा. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० ला लागू झाला आणि डिजिटल सहीला कायद्यानं मान्यता मिळाली. या सहीची गुप्त किल्ली एका यूएसबी टोकनमध्ये ठेवतात. किल्ली टोकनच्या बाहेर कधीच येत नाही. सही टोकनच्या आतच तयार होते आणि तेवढीच बाहेर येते. सचिवांचा शिक्का असा सचिवांच्याच पेटीत राहावा, तसं. राज्यात २०१८ च्या महाराष्ट्र दिनी डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन सुरू झाला. आज १५ रुपये भरून कोणीही तो फोनवर काढतो. पण त्या आधी कुणीतरी टोकन लावून सही केलेली असावी लागते.

आत्याच्या जमिनीची वारस नोंद झाली होती. भाताची लावणी तोंडावर, सोसायटीचं पीककर्ज हवं होतं, त्यासाठी सहीचा उतारा. ती एका कार्यालयात गेली, तर साहेब म्हणाले, “मावशी, लॅपटॉप बदललाय. टोकनचा दिवा लागतो, पण नाव येत नाही.” आत्या तीन वेळा गेली. एका खेपेला जीप, पुढे एसटी, आणि दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच.

तिसऱ्या खेपेला मी सोबत होते. आत्या बाहेर पायरीवर बसून मला म्हणाली, “अगं, माझं नाव लागलं म्हणतात, आणि आता सायबाचं नाव येईना. कुणाकुणाच्या नावाची वाट बघू?”

मग एक तंत्रज्ञ आला. त्यानं टोकनच्या कंपनीचा नवा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून टाकला. दहा मिनिटांत काम झालं. साहेबांचा दोष नव्हता, टोकन चांगलं होतं, लॅपटॉप तर नवाकोरा. मध्ये दुभाषी नव्हता, एवढंच. पण कर्जाची रक्कम हातात पडेपर्यंत रोपं ताठरली होती, आणि मजूर दुसऱ्याच्या वावरात लागले होते.

टोकनची अडचण नुसत्या ड्रायव्हरची नसते. वर ब्राउझरही लागतो. कितीतरी सरकारी पोर्टल जुन्या काळी जावाच्या प्लगइनवर उभी केलेली होती. गुगल क्रोमनं सप्टेंबर २०१५ मध्ये त्या पद्धतीचे प्लगइन बंद केले, फायरफॉक्सनं मार्च २०१७ मध्ये. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. प्रत्येक वेळी कुठल्या तरी टेबलावर एक टोकन दिवा लावून बसलं आणि त्याला कोणी ओळखलं नाही.

ग्रामपंचायतीतही तेच. २४ एप्रिल २०२० ला ई-ग्रामस्वराज सुरू झालं. वित्त आयोगाचा निधी खर्च करायचा तर ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, आणि सरपंच, दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. दोन टोकन. गावाच्या पाण्याच्या टाकीचं बिल दोन बोटभर तुकड्यांवर. म्हणून सरपंचताई ऐकत असतील तर एक विनंती: टोकन दुसऱ्याच्या खिशात आणि पासवर्ड त्याच्या डायरीत, असं करू नका. तो तुमचा शिक्का आहे. सचिव आपला शिक्का शेजाऱ्याकडे ठेवून गावाला गेले असते का?

राहिला अंगठा. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. त्यानंतर अंगठ्याची यूएसबी मशीन सेवा केंद्रांमधून खेडोपाडी पोचली. अँड्रॉइडमध्ये २०११ च्या ३.१ आवृत्तीपासून फोनला यूएसबी उपकरण जोडायची सोय आली. आपण तिला ओटीजी म्हणतो. आज वाडीवर येणारी बँक सखी फोनला ओटीजीनं मशीन लावते आणि दारात पैसे देते. ही फार मोठी गोष्ट आहे, ती मान्य करूया.

पण इथंही यादी आहे. २०१७ च्या सुमारास आधारनं ‘रजिस्टर्ड डिव्हाइस’ची अट आणली. मशीनची नोंद हवी आणि अंगठ्याची माहिती तिथंच कुलूपबंद व्हायला हवी. आता तर हे कुलूप ड्रायव्हरमध्ये नको, थेट मशीनच्या आत हवं, म्हणून जुन्या प्रकारची मशीनं बाजूला काढली जातायत. कारण योग्य आहे, अंगठ्याची चोरी रोखायची आहे. तरी काल चालणारं मशीन आज भंगार होतं, आणि नव्याचा खर्च बऱ्याचदा केंद्र चालवणाऱ्या पोराच्या किंवा सखीच्या अंगावर येतो. वर चिखलात लावणी करून झिजलेला अंगठा. एकाच दारात दोन अनोळखी: मशीन सिस्टीमला ओळखू येत नाही, आणि माणूस मशीनला.

मग उपाय काय? इतिहासात उत्तर आहे. जिथं बोली सगळ्यांची एक ठरली, तिथं वस्तू टिकल्या. पंचवीस वर्षांपूर्वीचा यूएसबी कीबोर्ड आजच्या फोनलाही ओटीजीनं चालतो. लिनक्समध्ये ड्रायव्हर उघडे लिहिलेले असतात, म्हणून कंपनीनं सोडून दिलेले कितीतरी जुने स्कॅनर तिथं अजून चालतात. उलट बाजूही सांगायला हवी. अंगठ्याची मशीनं, टोकन यांचे ड्रायव्हर आधी विंडोजला मिळतात, लिनक्सला मागाहून किंवा कधीच नाही. कुठलीच सिस्टीम सर्वगुणसंपन्न नाही.

तुम्ही एवढं करा. यूएसबीची वस्तू घेताना किमतीसोबत विचारा, की कोणत्या सिस्टीमला चालते आणि ड्रायव्हर कुठं मिळतो. मिळालेला ड्रायव्हर फोनमध्ये किंवा पेनड्राइव्हवर जपून ठेवा. मोठं अपडेट करण्याआधी, ज्या वस्तूवर तुमचं पोट आहे ती नव्यात चालेल का, हे तपासा. आणि जुन्या फाँटमधला मजकूर घरात असेल, तर लॉक जिवंत आहे तोवर तो युनिकोडमध्ये करून घ्या.

काकांनी तेच सुरू केलंय. दुपारी गिऱ्हाईक नसलं की पिवळ्या मशीनवर बसतात, एकेक फाइल उघडतात, बदलून नव्यावर घेतात. परवा गेले तेव्हा ते एका जत्रेच्या देणगीदारांच्या यादीवर होते. एक नाव मी ओळखलं. माझ्या आजोबांचं, एक्कावन्न रुपये.